करंगळीची पट्टी

पांढरी पट्टी, बोटभर रुंद, एका टोकाला धागे सुटलेले... मनसारामने तिचे तिसरे वेटोळे डाव्या करंगळीभोवती घेतले आणि गाठ दातांनी ओढली. जखम नव्हतीच. करंगळी जन्मापासून आत वाकलेली, बापाची तशीच, आज्याचीही तशीच – आणि आज नातीचे बारसे होते, अहेरीहून व्याही येणार होते, म्हणजे जखम हवीच होती.

घोटाळा दोन वर्षांपूर्वीचा. लेकीला, दामिनीला, पाहायला आलेल्या गुणवंतरावांनी चहाची बशी खाली ठेवून विचारले होते, "घरात काई दोष-बिष नाई ना, भाऊ?" आणि या शहाण्याने, म्हणजे मनसारामनेच, हात पंच्याखाली सरकवून "नाई जी" म्हटले. दामिनीची बोटे सरळ, मग खोटे ते काय? पण लग्नात हात लपवणार कुठे – बांधली पट्टी, सांगितले, जाळ्यातला मासा सोडवताना काटा घुसला. तेव्हापासून व्याही आले की काटा घुसतो. गुणवंतराव दर भेटीला नवे मलम आणतात. फळीवर सात नळ्या झाल्यात. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत.

नात जन्मली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दामिनीचा डोळा लागल्यावर, त्याने नातीची मूठ हळूच उघडली होती. वाकलेली करंगळी होतीच तिथे! बापाने फसवले म्हणून आता दामिनीला सासरी जन्मभर ऐकावे लागणार... आणि खरे सांगायचे तर त्याच क्षणी त्याला हसूही फुटले. बाप त्या करंगळीत जाळ्याची दोरी अडकवायचा, म्हणायचा, "देवानं गळ हातातच देल्ला." बापाला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

बायकोने, कुंताने, नातीला इतके गुंडाळले होते की नाकच तेवढे दिसत होते. तरी पाळण्याशी येताच गुणवंतरावांनी नेमका डावा हात बाहेर ओढला. मनसारामने आपला हात पंच्याखाली सरकवला.

"अरे! हे त माया बापाची करंगळी! अस्सल आमच्या घराण्याची निशाणी!"

मग त्यांनी साऱ्या बायांना सांगितले, आपल्या बापाचे बोट बैलाच्या दाव्यात अडकून कसे वाकले होते ते. कुंताने सुटकेचा निःश्वास टाकला, साखर वाटली. दामिनीने एकदाच बापाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. पोरगी वाचली होती. मनसारामने खूश व्हायला हवे होते.

तो भडकला होता. दाव्यात वाकलेले बोट पणतीत उतरते होय? आमची होती तेव्हा दोष, यांची झाली तर निशाणी! आणि माझा बाप? तो कोणाच्या खात्यावर?

"तुमचं बोट काऊन भरून नाई राह्यलं, भाऊ?" गुणवंतरावांनी आठवी नळी पुढे केली. "शुगर तपासून घ्या."

"तपासतो जी."

गुणवंतराव वळून पुन्हा ती इवली करंगळी पाहुण्यांना दाखवू लागले. पंच्याखाली मनसारामचा उजवा हात गाठीशी झटत होता. गाठ त्याचीच, जाळे विणणाऱ्याची, ओढली की आणखी घट्ट बसणारी. समोरून कुंता डोळे वटारून मान हलवत होती – नाई, नाई. दोन वर्षे कुणी पाहील म्हणून तो भ्यायला होता. आता भरल्या घरात त्याला एकच भीती वाटत होती, की कुणीच कधी पाहणार नाही... आणि तेवढ्यात नखाला धाग्याचे टोक लागले.