ओरोकोविसच्या चढावरचा माझा आवाज

मी झडप आहे. मुठीएवढी, पोलादाची. गाडीवाले मला वेस्टगेट म्हणतात. इंजिनातला गरम धूर टर्बोला फिरवतो आणि टर्बो इंजिनात हवा कोंबतो. हवेचा दाब ठरल्यापेक्षा वाढला की मी उघडते आणि जादा धूर बाहेर सोडून देते, नाहीतर इंजिन फुटेल. आयुष्यभर मी एवढंच काम केलं आणि ते चोख केलं.

कारखाना मला फारसा आठवत नाही. आठवतं ते पोर्तो रिकोतलं सुट्या भागांचं दुकान. तिथे दोन भाऊ आले, थोरला ओस्वाल्दो आणि धाकटा यामिल. त्यांच्याकडे रोटरी इंजिनाची जुनी माझदा गाडी होती, आणि टर्बोच्या मूळच्या झडपेला दाब आवरत नव्हता.

यामिलने माझ्या शेजारची लहान, निळी, चकचकीत झडप उचलली. दाब कमीच ठेवायचाय ना, मग लहान झडप चालेल, असं त्याचं म्हणणं.

"उलटं आहे, गाढवा," ओस्वाल्दो म्हणाला. "दाब कमी ठेवायचा तर धूर जास्त बाहेर काढावा लागतो. दार मोठं पाहिजे."

मग निदान माझ्यात कडक स्प्रिंग तरी घालू, म्हणजे मी उशिरा उघडेन आणि गाडी पळेल, म्हणून यामिल हटून बसला.

"आणि इंजिन गेलं तर तुझा बाप देणार?"

"बाप तुझाही तोच आहे."

दुकानदार हसत सुटला. ओस्वाल्दोने मऊ स्प्रिंग घालून मला ओरोकोविसच्या डोंगरात, घरी नेलं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने मला बसवलं. इंजिनातून निघणाऱ्या नळ्या जिथे एक होतात, तिथे माझ्यासाठी तिरकी नळी वेल्ड केली. सरळ काटकोनात नाही, धुराला वळायला सोपं जावं म्हणून. यामिलने माझे बोल्ट एका बाजूने कचाकचा आवळले. ओस्वाल्दोने ते सैल केले आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेला.

माझा धूर पुन्हा सायलेन्सरकडे वळवता आला असता. पण तिथल्या डोंगरात असं कोण करतं? मला आखूड नळी मिळाली, तोंड थेट मोकळ्या हवेत. चढावर मी उघडले की जाड ताडपत्री टराटरा फाटावी तसा आवाज दरीभर जाई. त्या डोंगरात गाड्या आवाजावरूनच ओळखतात. माझा आवाज आला की भावांची आई आयदे कॉफी चुलीवर ठेवायची. गाडी दारात येईतो कॉफी तयार. "तुझ्या भोंग्याने कोंबड्यांनी अंडी देणं सोडलंय," असं ती ओस्वाल्दोला रोज ऐकवायची, आणि कप त्याच्या हातात द्यायची.

तेव्हाचे दिवस आठवले की मी अजून तापते.

पावसाळ्यात ओस्वाल्दो डेंग्यूच्या तापाने गेला. सगळं आठवड्याभरात संपलं. गाडी तेव्हा खाली गावात, मित्राच्या गॅरेजमध्ये होती. तिथल्या रीतीप्रमाणे गेलेल्यासाठी नऊ संध्याकाळी जपमाळ म्हणायला घरी शेजारीपाजारी जमत होते. त्यातल्या एका संध्याकाळी यामिल कोणाला न सांगता उठला आणि गॅरेजमध्ये आला. त्याला फक्त आपल्या भावाचा आवाज ऐकायचा होता. चढ लागताच त्याने अॅक्सिलरेटर दाबला. मी उघडले.

घरापाशी येऊन त्याने इंजिन बंद केलं. खिडक्या सताड उघड्या होत्या, पण माझा आवाज ऐकून आतली जपमाळ मध्येच थांबली होती. फक्त चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आला," आयदे आत कोणाला तरी म्हणाली.

मग ती दारात आली. स्टिअरिंगवर यामिल दिसला. ती चौकट धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यामिल पाना घेऊन शेडमध्ये आला. मला काढून दरीत फेकणार होता, हे त्याच्या हातांवरूनच कळत होतं. दोन बोल्ट निघाले, तेवढ्यात आयदे आली.

"का काढतोस तिला?"

"तो आला असं वाटून तू परत तशी दारात यायला नकोस."

तिने माझ्या आखूड नळीवरून बोट फिरवलं. "तू चढावरून गुपचूप आलास तर मी दाराकडे कान लावून बसायचं का? तो त्याचा आवाज होता, यामिल. तो त्याच्याजवळ राहू दे. तू तुझा वेगळा कर. आलास की तूच आलास, एवढं मला कळू दे."

यामिल पाना धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून त्याने माझी आखूड नळी कापली. तिच्या जागी गाडीच्या पोटाखालून मागपर्यंत जाणारी लांब नळी वेल्ड केली. वेल्डिंग वेडंवाकडं झालं. बोल्ट मात्र समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले.

आता उष्णतेने माझा रंग जांभळट झालाय. लांब नळीमुळे आवाज जाड आणि खालच्या पट्टीतला आहे. परवा चढावर मी उघडले तेव्हा आयदे अंगणात शेजारणीशी बोलत होती. बोलता बोलता थांबली. "यामिल आला," म्हणाली, आणि फाटक उघडायला गेली.

ओस्वाल्दो, तुझा आवाज मी पुन्हा काढणार नाही. तो कसा होता हे या घरात दोघांना ठाऊक आहे, आणि मला.