लुकलुकणारा ठिपका

खुशाल खोब्रागडेच्या घरात लुकलुकणाऱ्या दिव्याला माफी नव्हती. वडसा गावातून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना लाइट पुरवणारा माणूस तो. बल्ब जरा फडफडला की याचा जीव खालीवर! "वायर लूज हाय," हे त्याचं ठरलेलं निदान. त्याची लेक हर्षा पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करू लागली, तरी तिच्या डोक्यातून काही ती लूज वायर गेली नाही.

म्हणूनच तर घोळ झाला. एका फार दूरच्या लंबगोल दीर्घिकेतले, जिथले सगळे तारे म्हातारे झालेत तिथले, क्ष-किरणांचे ठिपके ती तपासत होती. त्यातला एक सारखा कमीजास्त होई. हर्षानं उपकरणाचा दोष समजून त्याला बिनदिक्कत काढून टाकलं. शोधनिबंध आज संध्याकाळी पाठवायचा होता. त्याच्यावर तिची पदवी अडली होती.

सुट्टीला ती वडशाला आली होती. दुपारी घरची वीज गेली, म्हणून लॅपटॉप घेऊन ती बाप लाइट लावत होता त्या नाटकाच्या मंडपात येऊन बसली. तिथं जनरेटर होता. शेवटची नजर टाकताना तिला दिसलं, तिची निरीक्षणं ज्या दिवसाची होती त्याच दिवशी दुसऱ्या एका दुर्बिणीनंही तो ठिपका टिपला होता. तिथंही तो अगदी त्याच वेळी मंदावत आणि उजळत होता. दोन दुर्बिणी एकदम कशा बिघडतील? ती लॅपटॉपवर डोळे लावून तशीच बसून राहिली.

"काऊन अशी बसली वो?" खुशाल हातातलं काम टाकून आला.

"बाबा, हा मेलेला तारा हाय. पण बाजूच्या जोडीदाराचा वायू ओढून घेते अन् पेटते. वायू कमी आला का मंद, जास्त आला का भडकते. हा उजेड तिथून निघाला ना, तवा धरतीवर माणूसच नोता."

खुशालनं तिथंच फतकल मारली. लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपका मंदावला, उजळला, पुन्हा मंदावला. सवयीनं त्याचा हात खिशातल्या टेस्टरकडे गेला आणि तिथंच राहिला. आपण काय पाहतोय या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

"मी त याले काढूनच टाकलं होतं," हर्षा म्हणाली. "आता घेतलं त सारं नव्यानं मोजा लागन. पदवी वर्षभर लांबन."

"लांबू दे. याले हात नको लावू, पोरी. असाच लुकलुकू दे."

हर्षानं पाठवायला तयार ठेवलेली मेल पुसून टाकली. मागं रंगमंचावर एक बल्ब फडफडू लागला होता. खुशालनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.