मोटारीचे पाय

पारोळ्याच्या लोटन पाटलानं बारा वर्षं मोटार हाकली. धुळ्याच्या रस्त्यावरचा एकही खड्डा त्यानं सोडला नाही, पण माणूस एकही मारला नाही. चार-दोन कोंबड्या, एक रेडकू आणि फौजदाराची सायकल, एवढंच काय ते त्याच्या हातून गेलं. असा हा पट्टीचा ड्रायव्हर शेवटी पडला तो बैलगाडीतून. तेही उभ्या बैलगाडीतून. बैल सोडलेले होते, गाडी शेतात उभी होती, लोटनआबा कडब्याच्या ढिगावर चढून शेजाऱ्याला शिव्या देत होता. एक शिवी जरा जोरात गेली आणि तिच्यामागून आबाही गेला.

डावा गुडघा फुटला. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, तेल चोळलं, एक कोंबडा खाल्ला आणि तीन महिन्यांनी पाय सोडला तेव्हा तो सरळ आला होता. फारच सरळ. वाकायचं नावच घेईना. धुळ्याच्या डॉक्टरनं तो उचलून पाहिला, ठोकून पाहिला आणि म्हणाला, "पाटील, चालाल. पण हा पाय आता असाच."

"मंग क्लच?" आबानं विचारलं.

क्लच म्हणजे काय हे डॉक्टरला माहीत नव्हतं. पण आबाला माहीत होतं. मोटारीचा क्लच डाव्या पायानं दाबावा लागतो आणि त्यासाठी गुडघा वाकावा लागतो. क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, आणि गिअर पडल्याशिवाय मोटार म्हणजे चार चाकांचं माचं.

ही मोटार आबानं जळगावच्या एका साहेबाकडून जुनीच घेतली होती. तिच्यात बसायला जागा इतकी तोकडी होती की खड्डा आला की उतारूंचं कपाळ पुढच्या लोखंडी दांड्यावर आपटायचं. म्हणून गावानं तिला नाव ठेवलं होतं सटवाई. ती कपाळावर लिहिल्याशिवाय कुणाला सोडत नाही, असं लोक म्हणत. आबाला या नावाचा राग नव्हता. उलट पारोळ्याहून धुळ्याला निघताना तो स्वतःच भोंगा वाजवून ओरडायचा, "चला, ज्याचं त्याचं नशीब लिहून घ्या!"

पाय गेल्यावर आबानं आधी पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिला. तो पळाला. दुसरा ठेवला. तोही पळाला, आणि जाताना सांगून गेला की मोटार चांगली आहे, पण शेजारी बसणारं मालकाचं तोंड काढून ठेवायला पाहिजे. मग सटवाई अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिली. आबा सकाळ-संध्याकाळ तिच्यात जाऊन बसायचा. चाक धरायचा, भोंगा वाजवायचा, आल्यागेल्याशी तिथूनच बोलायचा. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. गावातली पोरं भोंगा ऐकून पूर्वी पळत यायची, आता वळूनही बघेनात.

अमळनेरचा एक गिरणीवाला आला. त्याला फक्त इंजिन हवं होतं, पिठाची चक्की फिरवायला.

"बाकीचं काय करशील?" आबानं विचारलं.

"बाकीचं भंगार."

आबा म्हणाला, "तुझा बाप मेला की त्याचं फक्त तोंड ठेवशील का घरात?" गिरणीवाला चहा न घेताच गेला.

मग धुळ्याचे मदनलाल शेठ आले. कापसाचे व्यापारी, अंगानं भरदार, आवाजानं बारीक. पूर्वी ते नेहमी आबाच्या शेजारच्या सीटवर बसून यायचे-जायचे. त्यांना धुळे-पारोळे सर्व्हिस पुन्हा चालू करायची होती, मोटार अख्खी हवी होती, आणि त्यांच्याकडे हिलाल नावाचा आपला ड्रायव्हर होता. ते नम्रपणे म्हणाले, "आबा, गाडी तुमचीच म्हणून चालेल. लोक लोटनआबाची सटवाई असंच म्हणतील. मी कशाला नाव बदलू? पाटी बदलायची तर रंग लागतो."

आबा रात्रभर कुशीवर वळत राहिला. डावा पाय वळत नव्हता, म्हणून एकाच कुशीवर. सकाळी त्यानं बायकोला, मंजुळाबाईला सांगितलं की विकतो.

मंजुळाबाई त्या मोटारीला तोंडावर सवत म्हणत असे. तेव्हा ती आता साखर वाटेल असं आबाला वाटलं होतं. पण ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "इकू नका."

"आं?"

"आधी माले तिच्यात बसाडा. धुळे लई चला. मंग इका."

आबाला वाटलं ही गंमत करते. मग त्याला आठवू लागलं. बारा वर्षांत मंजुळाबाई त्या मोटारीत दोनदाच बसली होती, तीही उभी असताना, सीट पुसायला. त्यांची एकुलती एक मुलगी प्रमिला धुळ्याला दिली होती. आबा आठवड्यातून तीन वेळा धुळ्याला जायचा, पोरीच्या घरी पाय पसरून चहा प्यायचा आणि परत यायचा. मंजुळाबाई दर वेळी पोरीसाठी काहीतरी बांधून द्यायची आणि विचारायची, "मी येऊ का?" आणि आबा दर वेळी सांगायचा की आज सीटा भरल्या, उतारूला कसं उठवणार, पुढच्या खेपेला बघू.

"पोर मनी," मंजुळाबाई स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "आन चहा तुमी पेतस. बारा वरीस."

आबानं मदनलाल शेठना निरोप धाडला. व्यवहार धुळ्यात होईल, हिलालला पाठवा, मोटार तो घेऊन जाईल, सोबत आम्ही दोघं येऊ.

हिलाल आला. तरणाबांड, केसांना तेल, गळ्यात लाल रुमाल. कोंबड्या हाकलल्या, अंडी मंजुळाबाईनं पदरात घेतली, हँडल मारलं, आणि सटवाई खोकत खोकत जागी झाली. मंजुळाबाई नवं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. तिनं पुढचा दांडा दोन्ही हातांनी आधीच धरून ठेवला. शेजारणी दारात आल्या होत्या. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, पण त्या पाहताहेत ना, हे बरोबर पाहिलं.

हिलालच्या शेजारी बसलेल्या आबानं वेशीबाहेर पडेपर्यंत कळ काढली. मग म्हणाला, "दुसरा टाक."

"टाकलाय, आबा."

"आवाज पहिल्याचा येतोय."

थोड्या वेळानं: "खड्डा उजवीकडून घे. तो माझ्या ओळखीचा आहे." मग: "तुझ्या बापानं तुला काय रेड्यावर बसवून शिकवलं का रे?" मग: "भोंगा! वळण आलं, भोंगा! अरे, गाढवालासुद्धा वळणावर ओरडायचं कळतं!"

हिलाल पहिल्या कोसात हसला, दुसऱ्यात घामेजला, तिसऱ्यात त्याचे कान लाल झाले. फागणे गावाच्या अलीकडे आबानं हात घालून स्वतःच चाक फिरवलं. तेव्हा हिलालनं मोटार बाजूला घेतली, ती चालूच ठेवून खाली उतरला, रुमाल झटकला आणि म्हणाला, "शेठला सांगा, हिलाल पायी येतोय." आणि खरंच चालू लागला, धुळ्याच्याच दिशेनं.

"जा, जा!" आबा ओरडला. "पाय तरी सरळ टाक!"

हिलाल दिसेनासा झाला. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कपाशी, इंजिन थरथरतंय. आबा आपला काठीसारखा पाय पुढे धरून बसला होता. मागून मंजुळाबाईचा आवाज आला, "आते?"

"आता काय. माझा पाय असता तर..."

"कोनता पाय लागस?"

"डावा."

मंजुळाबाई मागून उतरली. पुढे आली, आबाला उजवीकडे चाकासमोर सरकवलं आणि त्याच्या डावीकडे चढून बसली. "माले डावा बी शे, उजवा बी शे," ती म्हणाली. "कोठे दाबानं ते सांगा."

अडचण एवढीच होती की आबाचा तो डावा पाय क्लचच्या वाटेत आडवा यायचा. तो कुठं ठेवायचा? बाहेर काढून पाहिला, तर शेतातला बैल बुजला. शेवटी मंजुळाबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या मांडीवर आडवा ठेवला. मग लुगड्याचा काठ वर खोचला, गिअरच्या दांड्याला वळसा घालून आपला उजवा पाय पुढे नेला आणि क्लचवर टेकवला. चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं दिवसाउजेडी इतकी जवळ कधी बसली नव्हती.

"दाब!"

तिनं दाबलं. आबानं गिअर टाकला.

"सोड. हळू. हळू! अगं, हळू!"

तिनं चटकन सोडलं. सटवाईनं बेडकासारखी उडी मारली आणि बंदच पडायची, पण आबानं पेट्रोल दाबलं आणि ती रडत-ओरडत निघाली. दुसऱ्या गिअरला उडी लहान झाली. तिसऱ्याला झालीच नाही. मंजुळाबाईनं मान वर करून पाहिलं तर कपाशीची झाडं मागं पळत होती आणि पदर वाऱ्यावर होता. तिला हसू आलं, आणि मग आवरेना.

"हसू नको, पाय हलतो!" आबा ओरडला, पण तोही हसत होता. रडतही असावा. वारा होता, नक्की सांगता यायचं नाही.

वाटेत त्यांनी हिलालला मागं टाकलं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि तोंड उघडून बघत राहिला. आबानं त्याच्यासाठी खास लांब भोंगा वाजवला.

धुळ्याच्या बाजारात मात्र माणसं दुकानांतून बाहेर आली. पागोटं घातलेला पाटील मोटार हाकतोय, त्याचा पाय शेजारच्या बाईच्या मांडीवर, आणि तो बाजारभर ओरडतोय, "दाब! सोड! आता दाबूनच ठेव!" एका म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात घेतला, पण बोटं फाकवून. मंजुळाबाईनं पदर नाकापर्यंत ओढला आणि पाय काही काढला नाही.

मदनलाल शेठच्या पेढीसमोर सटवाई थांबली. शेठ पायरीवर आले. हिलाल कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही. आबाच्या शेजारी बसून त्यांनी बरीच वर्षं काढली होती.

आबा मात्र खाली उतरायला तयार नव्हता. चाक घट्ट धरून म्हणाला, "शेठ, माफ करा. मी विकत नाही. आम्हाला जमलं. आम्ही दोघं मिळून सर्व्हिस चालवू. माझं डोकं, हिचा पाय."

शेठ गोंधळले. त्यांनी मंजुळाबाईकडे पाहिलं. तिनं आबाचा पाय मांडीवरून उचलला, जपून खाली ठेवला, आणि आपली पोटरी चोळत म्हणाली, "चाळीस वरीस तुमना पाय दाबात. आते मोटारना बी दाबू का? इकी टाका."

आबा तिच्याकडे बघत राहिला. "तुला आवडलं नाही?"

"आवडनं. भलतं आवडनं. म्हनीसनच सांगस." ती खाली उतरली. "माले बसानं व्हतं, बसनू. आते मी उतारू म्हनून जासु. तिकीट काढसु, सीट लेसु, आन मना पाय मनाजवळ ठेवसु."

पेढीवर मुनीम हसला. शेठनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो वहीत शिरला. आबानं चाकावरचे हात एकेक करून काढले. भोंग्याचं रबर एकदा दाबून पाहिलं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये इतकं. मग उतरला आणि म्हणाला, "शेठ, तेल वेळच्या वेळी घाला. आणि त्या लाल रुमालाला सांगा, हिला दुसरा गिअर सावकाश लागतो."

"तुम्हीच सांगा ना, तो येईलच."

"नको," आबा म्हणाला. "तो मला मारेल."

दोघं चालत पोरीच्या घरी गेली. प्रमिलानं दार उघडलं, आईला पाहिलं आणि तिला वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं, त्याशिवाय आई कशी आली. मंजुळाबाई म्हणाली, "काही नही व्हयनं. चहा टाक." पहिला पेला तिनं घेतला. आबानं दुसरा घेतला आणि भिंतीकडे तोंड करून प्यायला. 

पुढं सर्व्हिस चालू झाली आणि मंजुळाबाई महिन्यातून एकदा धुळ्याला जाऊ लागली. आबाला ड्रायव्हर लोक घेईनात. हिलालनं साऱ्या रस्त्याला सांगून ठेवलं होतं की बाईला खुशाल बसू द्या, म्हातारा नको. आबा घरी थांबायचा. ती परत आली की उंबऱ्यातच विचारायचा, मोटार कशी चालली, दुसऱ्याला खरखरली का, फागण्याचा खड्डा कुठून घेतला.

मंजुळाबाई हातपाय धुवायची, पाणी प्यायची, आणि आधी पोरीचं सांगायला बसायची. नातवाला दात आला, सासूचा खोकला, नवी चूल घातली ती कशी. सगळं, सावकाश. आबा ऐकत बसायचा.