नेवेनाची पेटी

नेवेनाची पाठ वळलेली पाहून स्तोइमेनने तिच्या तापमापकाच्या पेटीवरून नख ओढलं. पेटीचा पांढरा रंग पिवळा पडला, की ती ऊन शोषते आणि पारा उगाच चढतो. तो पिवळेपणा पकडायलाच तो दोन बस बदलून आला होता. पण पेटी लख्ख पांढरी होती.

चौतीस वर्षं तो शेजारच्या खोऱ्यात दिवसातून तीनदा तापमानाचे आकडे टिपत आला होता. तरी राजधानी सोफियात हवामान खात्याच्या सभेत नाव घेतलं गेलं ते नेवेनाचं, कारण तिच्या गावचं तापमान देशात सर्वांत झपाट्याने वाढत होतं. तिला टाळ्या, फुलं, टीव्हीवर मुलाखत. तेव्हापासून स्तोइमेनच्या पोटात जे दुखत होतं, ते थांबायचं नाव घेत नव्हतं.

"दरवर्षी ईस्टरच्या आधी रंगवते मी," मागून नेवेना म्हणाली. तिच्या हातात कॉफीचे कप होते. "लागलं का नखाला काही?"

"छे, आपलं सहज."

"सहज म्हणे! बस आता."

तो बाकावर बसला, पण त्याला राहवेना.

"मग तुझाच आकडा एवढा का धावतो गं?"

तिने खालच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीकडे बोट केलं.

"तिच्या धुरात गंधक असायचं. ते वर पसरून ऊन अडवायचं. अकरा वर्षांपूर्वी चिमणीला गाळण्या बसल्या नि आभाळ निवळलं. पण ज्याने गरमी वाढते तो वायू डोळ्यांना दिसतोय कुठे? तो सुटतोच आहे. धुराने झाकलेलं सगळं उघडं पडलं, बघ. समुद्रावर जहाजांच्या धुरातलं गंधक कमी केलं, तिथंही तेच झालं म्हणतात."

"म्हणजे गाळण्या बसवल्या ते चुकलंच."

"ते किरचोला विचारायला हवं होतं."

किरचो तिचा नवरा. त्या धुराने वर्षानुवर्षं खोकून खोकून, गाळण्या बसण्याच्या आदल्याच हिवाळ्यात गेला होता. त्याची टोपी अजून दाराशेजारच्या खुंटीवर होती. स्तोइमेनने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तुमच्या खोऱ्यातल्या चिमणीला कधी बसताहेत गाळण्या?" तिने विचारलं.

"मार्चमध्ये! मग बघ माझाही आकडा कसा धावतो!"

तो इतक्या चटकन आणि इतक्या खुशीत बोलला, की नेवेनाने कपावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

स्तोइमेनने नजर वळवली आणि ते स्वच्छ नख कोटाला पुसत राहिला.