पेन्सिलीचे बारा

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मोठ्या सभागृहात तीनशे विद्यार्थी बसत आणि मोठे सर व्याख्यान देत. तासभर सर बोलत आणि तीनशे जण माना खाली घालून लिहीत. प्रश्न विचारू नये असा नियम नव्हता, पण विचारायची कुणाची छाती नव्हती. कुणी चुकून हात वर केलाच तर सर हसून म्हणत, "शंका चर्चेच्या तासाला!" व्याख्यानाला जोडून आठवड्यातून एकदा वीस-वीस जणांच्या तुकडीला चर्चेचा तास असे. सरांकडून ऐकलेले तिथे उलटसुलट तपासायचे, पटले नाही तर तसे सांगायचे, वेळ पडली तर भांडायचे. या बोलण्याला वीस गुण होते. पंधरा मिळाले की वरच्या वर्गात प्रवेश. नाही मिळाले तर एका वर्षाचा दाखला घेऊन घरी बसा. कागदावर इतकी देखणी पद्धत शोधून सापडली नसती.

प्रत्यक्षात तिचे जे करून ठेवले होते, ते सांगतानाही किळस येते.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला सरांपुढे उभे राहून एक उतारा मोठ्याने वाचावा लागे. ज्याची वाणी स्वच्छ, तो पहिल्या तुकडीत, मोठ्या खिडक्यांच्या खोलीत. जो अडखळला, ज्याच्या बोलण्यावरून त्याचे घर कळले, तो पंधराव्या तुकडीत, जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी. वर्षअखेरीस तुकडी घेणाऱ्या शिक्षकाकडे गुणपत्रक येई ते पेन्सिलीने भरूनच. पहिल्या तुकडीला अठरा-एकोणीस, पंधराव्या तुकडीला सरसकट बारा. शिक्षकाने ते आकडे शाईने गिरवायचे आणि खाली सही ठोकायची. याला म्हणायचे 'मार्गदर्शन'!

पंधराव्या तुकडीच्या शिक्षिकेला सगळे चर्चाबाई म्हणत. सहा वर्षे त्या हंगामी होत्या आणि सहा वर्षे निमूटपणे गिरवत आल्या होत्या. आपली मुले बोलतच नाहीत, मग बारा काय वाईट, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. मुले बोलत नसत, कारण बोलून काही होत नाही हे त्यांना दिवाळखोराच्या दारात वसुलीला उभ्या माणसासारखे पहिल्याच महिन्यात कळून चुकत असे.

यंदा मात्र तुकडीत एक शिंपीण आली. वय चाळिशीच्या पुढे, बोटांना सुईचे घट्टे, आणि भीड कशाशी खातात ते ठाऊक नाही. एका गुरुवारी सरांनी सांगितले की, घरात बसून केलेले काम मोजता येत नाही, म्हणून ते देशाच्या उत्पादनात धरत नाहीत. पुढच्या मंगळवारी चर्चेच्या तासाला शिंपीण म्हणाली, "बाई, मला हे काही पटलं नाही. दुकानात बसून मी बाहीला दोनशे टाके घातले तर ते काम. घरी येऊन पोराच्या सदऱ्याला तेच दोनशे टाके घातले तर ते मोजता येत नाही? टाके तेच, सुई तीच, मीही तीच. मग मोजता येत नाही की मोजायचं नाही?"

मग मागच्या बाकावरचा, कधी चकार शब्द न काढणारा मुलगा बोलला, "माझी आजी आजोबांचं सगळं अंथरुणात करते. दवाखान्यात त्यालाच नर्स ठेवतात." दुसरी म्हणाली, "पण घरातलं प्रेमानं करतो ना आपण?" "प्रेमानं केलं म्हणून पाठ दुखायची राहते का गं?" शिंपीण फणकारली. सगळे खोखो हसले आणि मग असे तुटून पडले की तास संपल्याचे कुणाच्या ध्यानात आले नाही. व्याख्यान कशासाठी आणि चर्चा कशासाठी, हे चर्चाबाईंना सहा वर्षांत पहिल्यांदा नीट दिसले.

वर्ष संपत आले. पेन्सिलीचे गुणपत्रक आले. शिंपिणीपुढेही बारा.

चर्चाबाई सरांच्या खोलीत गेल्या. "सर, या बाईंना एकोणीस द्यायला हवेत. सगळी तुकडी त्यांनी बोलती केली."

"त्या टाकेवाल्या ना?" सरांनी चहाचा घोट घेतला. "छान दाखला होता हो. परवा परिषदेत मी तोच सांगितला. टाळ्या पडल्या."

"मग बारा कसे, सर?"

"अहो, दाखला चांगला असणं वेगळं आणि माणूस वरच्या वर्गात शोभणं वेगळं. उद्या पाहुणे आले तर त्यांच्यापुढे या बाईंना बसवायचं?" त्यांनी बशी पुसल्यासारखी मिशी पुसली. "आणि तुमच्या यजमानांच्या कायम नेमणुकीचा कागद माझ्या टेबलावर आहे. येत्या आठवड्यात सही करावी म्हणतो."

चर्चाबाईंना शिसारी आली. सरांची आली, आणि उठताना सवयीने आपल्या तोंडून "बरं सर" निघाले त्याची जास्त आली.

रविवारी सकाळी नवरा, तोही तिथलाच हंगामी शिक्षक, जेवणाच्या टेबलावर आपल्या तुकडीचे गुण गिरवत बसला होता. एका हाताने तो मुलीला दूधपोळी भरवत होता, दुसऱ्या हाताने आकडे काळे करत होता. एकाही नावाकडे त्याचे लक्ष नव्हते.

"तू वाचतोस तरी का, कुणाला काय देतोयस ते?"

"वाचलं की त्रास होतो," तो म्हणाला. "तूही वाचू नकोस. आठवड्याचा तर प्रश्न आहे. नऊ वर्षं झाली मला लाचारी करून. एका शिंपिणीपायी तू त्यावर पाणी फिरवणार?"

"एकीपायी नाही. वीस जण आहेत."

"आणि आपण तिघं! आपलं काय?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मुलीच्या ओठावरचे दूध त्याने मायेने पुसले आणि त्याच बोटांनी पुन्हा पेन धरले. चर्चाबाईंच्याने ते बघवेना. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागल्या. हा माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांच्या हातूनच ही घाण वर्षानुवर्षे चालली होती, आणि त्यांतले दोन हात त्यांचे स्वतःचे होते.

मंगळवारी शेवटचा चर्चेचा तास होता. चर्चाबाईंनी गुणपत्रक टेबलाच्या मधोमध ठेवले.

"आज चर्चेला हा विषय," त्या म्हणाल्या. "हे आकडे तुम्ही तोंड उघडण्याआधीच ठरले होते. मी ते शाईने गिरवायचे असतात. मी गिरवणार नाही. मला पटतील ते गुण देईन आणि हा पेन्सिलीचा कागद कुलगुरूंपुढे नेऊन ठेवीन. माझी नोकरी जाईल, घरातलीही एक अडेल. आता विचारा काय विचारायचं ते."

मागच्या बाकावरच्या मुलाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे वर्षभर आम्ही काय नाटक करत होतो?" कुणी रडू लागले, कुणी शिव्या घातल्या. चर्चाबाईंनी कुणालाच अडवले नाही.

शिंपिणीने कागद हातात घेतला, आपले नाव शोधले, मग खालची सगळी नावे सावकाश वाचली.

"बाई, गेल्या वर्षी या खोलीत कोण होतं?"

"अशीच वीस मुलं."

"आणि त्याच्या आधी?"

"वीस."

"त्यांना किती मिळाले?"

"बारा."

"ते कुणी गिरवले?"

सर, पद्धत, पोट, नवरा, सगळी उत्तरे चर्चाबाईंच्या जिभेवर येऊन गेली.

"मी," त्या म्हणाल्या.

शिंपिणीने कागद खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"मग कुलगुरूंकडे नुसता आमचा कागद नेऊ नका," ती म्हणाली. "त्या सगळ्यांची नावं आधी लिहा. त्यांना वाटत असेल, आपल्यालाच बोलता येत नव्हतं."

चर्चाबाईंनी कपाटातून सहा वर्षांच्या हजेरीवह्या काढल्या. एकशे वीस नावे होती. त्यांनी पहिले नाव लिहिले आणि त्याचा चेहरा आठवू लागल्या. तो त्यांना आठवेना.