गोजराबाईचा घागरा

मोहनसिंगनं लाकडी पेटी उघडली तेव्हा कमलीबाई भाकरी थापत होती. वर घातलेला कडुनिंबाचा वाळका पाला त्यानं झटकला आणि तांबडा घागरा बाहेर काढला. घेरभर आरसे होते. मग कवड्या लावलेली, पाठीवर नाड्यांनी बांधायची कांचळी चोळी निघाली, ओढणी निघाली.

"उद्या वाशीमले जाऊ," तो म्हणाला. "तुहा फोटो काढाचा हाये. हे घालजो."

कमलीचा हात परातीतच थांबला. ते कपडे कोणाचे हे मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात कुणीही सांगितलं असतं. गोजराबाई, मोहनसिंगची पहिली बायको, दोन वर्षांमागं हेच लेवून वाशीमला फोटो काढायला गेली होती. परत आली आणि पोळ्याच्या आत तापानं गेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक कमलीच्या गळ्यात होता. सवतीनं त्रास देऊ नये म्हणून लग्नातच सासूनं तो बांधला होता.

"माहा हिरवा घागरा हाये ना," कमली म्हणाली. "लग्नातला."

"नाई. हाच."

बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिला त्याचंच जास्त भेव वाटलं.

सासू रुपाबाई अंगणात तुरी पाखडत होती. कमली तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्याबाई, तुमी सांगा ना त्याह्यले. मले चौथा महिना हाये."

रुपाबाईनं सूप खाली ठेवलं. "त्या फोटोच्या डब्यानंच गोजराचा जीव ओढून घेतला पोरी. म्या तवाबी म्हटलं होतं. तो माह्यं आयकते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलीनं ते कपडे चढवले. घागरा कंबरेला असा बसला जसा तिच्याच मापाचा. कांचळीच्या कवडीत एक लांब केस अडकला होता. तिचा नव्हता. तो ओढून टाकायचा धीर तिला झाला नाही.

ती बाहेर आली आणि गोजराची पोरगी रामी धावत आली. पाच वर्षांची ही पोर वर्षभरात कधी कमलीच्या जवळ आली नव्हती. आता तिनं घागऱ्याच्या चुण्यांत तोंड खुपसलं आणि जोरानं वास घेतला.

"याडी आली," ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा की मागं सरावं, कमलीला कळेना. रुपाबाईनं डोळे मिटून घेतले. रामी घागरा सोडेना, म्हणून तिलाही सोबत घ्यावं लागलं. निघताना कमलीनं आपला हिरवा जोड गुपचूप गाठोड्यात बांधला.

मोटारीत ऊन आलं की घागऱ्याचे आरसे छताभर नाचत. लोक वळून पाहत. कमली पोटावर हात ठेवून बसली होती. आत काही हलतं का, याचाच अंदाज ती सगळा रस्ता घेत राहिली.

फोटोवाल्याचं नाव सादिक. त्याच्या खोलीत बगिचा रंगवलेला पडदा होता, एक खुर्ची होती आणि तीन पायांवर काळं कापड पांघरलेला तो डबा. सादिकनं घागऱ्याकडं पाहिलं.

"हा मी पाह्यला हाये," तो मोहनसिंगला म्हणाला. "भाऊ, तुमच्या फोटोची ती काच बिघडली होती ना? बाई हालल्या होत्या. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुपट आलं होतं."

कमली नवऱ्याकडे वळली. "तिचा फोटो निंगालाच नाई?"

मोहनसिंग बाकावर बसला. "रामी इचारत राह्यते, माही याडी कशी होती. काय सांगू? मलेच आता तिचा चेहरा बराबर आठोत नाई. म्हटलं, फोटोत हा घागरा असला तर पोरीले दाखोता येईन. हे पाह्य, तुही याडी."

रात्रभर ज्याचं भेव वाटलं होतं त्याहून हे मोठं होतं.

"माहा चेहरा तिले देऊन टाकता काय?" ती म्हणाली. "मंग माह्या पोटातलं मले कोन म्हनन?"

नवऱ्यापुढं ती कधी अशी बोलली नव्हती. तो आता मारतो, असं वाटून तिनं मान आत घेतली. पण तो बसूनच राहिला.

गाठोडं घेऊन ती पडद्यामागं गेली. कांचळीच्या नाड्या सुटेनात. मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं. "जाऊ दे व बाई मले," ती पुटपुटली, आणि गाठ सुटली.

हिरव्या घागऱ्यात तिला पाहताच रामीनं भोकाड पसरलं. कमली तिच्यापुढं टेकली आणि गोजराची ओढणी तिच्या डोक्यावरून पांघरली.

"हे तुह्या याडीची हाये. याडी आता नाई. पन हे तुही."

रामी मुसमुसत ओढणीचा काठ चघळू लागली.

"दोघींचा काढा," कमली सादिकला म्हणाली.

त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. डोकं नसलेला तो माणूस आतून बोलला, "आता हालू नका." कमलीनं श्वास धरला. श्वास सोडला तर चेहरा जाईल, आणि धरला तर जीव जाईल, असं तिला वाटत राहिलं. रामीचा हात तिनं इतका घट्ट दाबला की पोर कण्हली.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरला. गोजरालाही असाच आला होता. रुपाबाईनं अंगारा लावला. मोहनसिंग मानोऱ्याला धावला आणि कडूजहर गोळ्या घेऊन आला. कमली भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. डोळे मिटले की पुन्हा उघडणार नाहीत असं वाटे, म्हणून ती ते मिटत नव्हती. शेवटी एका पहाटे घाम फुटला, आणि ताप उतरला तो परत आला नाही.

मग फोटो आला. कमलीचे डोळे इतके वटारलेले होते की तांड्यातल्या बाया हसल्या. पण चेहरा स्वच्छ निघाला होता.

"हे मी," कमलीनं रामीला बोट ठेवून दाखवलं. "आन हे तू."

"याडी कुठी हाये?"

"तिचा फोटो नाई निंगाला."

रामीनं फोटोतल्या वटारलेल्या डोळ्यांवर बोट ठेवलं. "तू भेली होती?"

"व्हय," कमली म्हणाली. "लय भेली होती."

रामी फोटो हातात धरून तिच्या मांडीवर चढून बसली.