चारची काळजी

टायमरचं टोमॅटोसारखं लाल पोट एका बाजूनं चेपलं होतं, आणि उमा ते अंगठ्यानं चाचपत होती… हा पडला कधी, पाडला कुणी, आता वेळेवर वाजेल ना… मग तिनं स्वतःलाच दटावलं. ही पण काळजीच. चार वाजता ये.

काउन्सेलरनं शिकवलेली युक्ती. दिवसभरात येईल ती काळजी परतवायची, आणि दुपारी चारला बेसमेंटमधल्या खुर्चीत बसून सगळ्यांना एकदम भेटायचं; टायमर वाजला की उठायचं. उमाला आधी हसूच आलं होतं. इथे कॅनडात, किचनर गावात, डॉक्टर अपॉइंटमेंटशिवाय भेटत नाहीत, आता काळज्यांचंही तेच. पण गंमत म्हणजे जमलं की! ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना नोकरकपातीची भीती आली, ती मुकाट्यानं परत गेली. लेकीच्या, ईशिताच्या ॲडमिशनची आली, तीही गेली. झोप लागायला लागली.

आणि तरी आज सकाळी, चहा गाळता गाळता — आईनं बीपीची गोळी घेतली असेल ना?

आई श्रावणात गेली. नागपूरला, धाकट्या भावाच्या, जयदीपच्या हातून पाणी पिऊन. उमा पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. हे ठाऊक असूनही मन आपलं सवयीनं तिकडे धावतं — कूलरमध्ये पाणी भरलं का, ओल्या न्हाणीत पाय घसरला तर, फोन का उचलत नाही ही… आणि सकाळी उमा त्या काळजीलासुद्धा म्हणाली होती, चार वाजता ये.

आता चार वाजले होते. नोकरीची आणि ईशिताची, दोघी भेटून गेल्या. उरली ती गोळी. काउन्सेलरचा नियम साधा होता : याबद्दल आज काही करता येईल का? येत असेल तर करायचं. नसेल तर सोडून द्यायचं.

सोडून कशी देऊ? जयदीपनं तिला आंघोळ घातली, भरवलं, तिची चिडचिड ऐकून घेतली. त्याच्याकडे आठवायला केवढं आहे! मी इथून काय केलं? काळजी केली. इतकी वर्षं, रोज, जीव टांगणीला लावून… तेवढंच माझ्या वाट्याला होतं, आणि ते मी मन लावून केलं. ‘उगाच कशाला जीव जाळतेस, मी ठणठणीत आहे,’ असं ती फोनवर म्हणायची खरी. पण तिला बरं वाटायचं ते. आवाजावरून कळायचं. आता हेही सोडलं तर मी तिची कोण?

“आई, आर यू डन?” जिन्यावरून ईशिता. “बाबा इज मेकिंग चहा.”

“आलेच गं. तुम्ही घ्या.”

पण उठवेना. उमानं डोळे मिटले आणि मुद्दाम, हट्टानं, ती काळजी ओढून आणायला लागली. ओली न्हाणी आणली. आईचा सरकणारा पाय आणला. रिकाम्या घरात वाजत राहिलेला फोन आणला… छाती धडधडली नाही. जी भीती घालवायला तिनं एवढा आटापिटा केला, ती खरंच गेली होती, आणि तिच्या जागी ‘आई नाही’ एवढंच राहिलं होतं. उमा हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा, कसलीही काळजी न करता, रडू लागली.